बुडबुड्याचे वजन

बबल चार्टमध्ये एका वर्तुळावर तीन आकडे बसवलेले असतात. वर्तुळाचा मध्य आडव्या अक्षावर कुठे येतो हा पहिला, उभ्या अक्षावर कुठे येतो हा दुसरा आणि वर्तुळ केवढे आहे हा तिसरा. रंग दिला तर खंड, राज्य, उद्योगाचा प्रकार अशी चौथी माहितीही त्यात मावते. साध्या स्कॅटर प्लॉटमध्ये सगळे ठिपके सारखे असतात, इथे ते लहानमोठे होतात. फरक दिसायला एवढाच आहे. पण वाचणाऱ्याला हे तीन आकडे सारख्या अचूकपणे वाचता येत नाहीत. अक्षांवरची जागा तो जवळजवळ मोजून घेतो. आकाराचा मात्र अंदाज बांधतो, आणि तोही बराचसा कच्चा. बबल चार्ट फसतात ते बहुधा या फरकाकडे काणाडोळा केल्यामुळे. ज्या आकड्यांची नेमकी तुलना व्हायला हवी ते अक्षांवर ठेवायचे आणि ज्याची ढोबळ जाणीव पुरेशी आहे तोच आकाराला द्यायचा, ही वाटणी जमली तर या आलेखाइतके थोडक्यात सांगणारे दुसरे चित्र क्वचित सापडते.

आकड्याला वर्तुळाचे रूप देण्याची कल्पना दोनशे वर्षांहून जुनी आहे. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने १८०१ मध्ये ‘स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी’ हे पुस्तक काढले. त्यात युरोपातील देशांची वर्तुळे त्यांच्या भूभागाच्या प्रमाणात रेखाटून एका ओळीत मांडली होती. प्रत्येक वर्तुळाच्या डाव्या अंगाला एक उभी रेषा, तिची उंची म्हणजे लोकसंख्या. उजव्या अंगाला दुसरी, तिची उंची म्हणजे करांचे उत्पन्न. दोन्ही रेषांची टोके त्याने तुटक रेघेने जोडली. रेघेचा उतार पाहून त्या देशात कराचा बोजा जड आहे की हलका, हे वाचकाने ओळखावे अशी अपेक्षा होती. इथेच घोटाळा झाला. दोन रेषांमधले अंतर वर्तुळाच्या व्यासाइतके असल्यामुळे उतारात करासोबत देशाचा विस्तारही मिसळला. लोकसंख्या आणि महसूल अगदी तेवढेच ठेवून देश मोठा केला तर रेघ आडवी पडत जाते आणि वाचणाऱ्याला बोजातील तफावत सौम्य वाटते. आकाराने आपले काम सोडून शेजारच्या आकड्यात लुडबूड करायची, हा बबल चार्टचा जन्मजात दोष म्हणावा लागेल. पुढची बहुतेक दुखणी त्याच जातीची आहेत.

डोळा आकार किती अचूक वाचतो, याचा शास्त्रशुद्ध तपास विसाव्या शतकात झाला. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आलेख वाचण्याच्या कृतींची उतरंड लावली. एकाच मोजपट्टीवरील जागा सर्वांत अचूक वाचली जाते, मग लांबी आणि कोन येतात, क्षेत्रफळ त्यांच्याही खाली, आणि घनफळ व रंगाची गडद-फिकी छटा तळाशी. २०१० मध्ये जेफ्री हीअर आणि माइक बॉस्टॉक यांनी इंटरनेटवरून लोक गोळा करून असेच प्रयोग पुन्हा केले, तेव्हाही क्षेत्रफळ मागेच राहिले. मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी त्याआधीच दाखवले होते की लांबी दुप्पट केली तर ती दुप्पटच भासते, पण क्षेत्रफळ दुप्पट केले तर तेवढे भासत नाही. भासणारा आकार खऱ्या क्षेत्रफळाच्या ज्या घाताने वाढतो तो घातांक त्यांच्या मोजणीत सुमारे ०.७ येतो. नकाशांवरील वर्तुळांचा कसून अभ्यास करणाऱ्या जेम्स फ्लॅनरी यांना तो ०.८७ च्या आसपास आढळला. आकड्यांत मतभेद असला तरी दिशा एकच आहे: मोठे वर्तुळ खऱ्याहून लहान वाटते.

एक उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती (पालघर अजून वेगळा व्हायचा होता) आणि सिंधुदुर्गाची ८,४९,६५१. प्रमाण तेरास एक. क्षेत्रफळ लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवून दोन वर्तुळे काढली तर ठाण्याचा व्यास सिंधुदुर्गाच्या ३.६ पट येतो. फ्लॅनरींचा घातांक धरला तर सामान्य वाचकाला ठाणे तेरापट वाटणार नाही, नऊपट वाटेल. स्टीव्हन्सचा धरला तर जेमतेम सहापट. तेराचे सहा होत असतील तर त्या आकारावर नेमक्या तुलनेचा भार टाकणे धोक्याचेच.

यावर एक उपाय फ्लॅनरींनीच सुचवला. वर्तुळे मुळातच जरा जास्त फुगवायची, म्हणजे त्रिज्येसाठी वर्गमूळाचा ०.५ हा घातांक न वापरता ०.५७ वापरायचा. तसे केल्यास ठाण्याचा व्यास सिंधुदुर्गाच्या ३.६ पटीऐवजी ४.३ पट होतो. नकाशाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या पद्धतीला मानाचे स्थान मिळाले, पण ती स्वीकारू नये हेच बरे. एक तर ०.८७ ही सरासरी आहे आणि माणसामाणसागणिक ती बदलते. दुसरे म्हणजे वर्तुळाचा भासणारा आकार शेजाऱ्यांवरही अवलंबून असतो: मोठ्या वर्तुळांच्या गराड्यातले वर्तुळ लहान दिसते, लहानांच्या गराड्यातले तेच वर्तुळ मोठे. एब्बिंगहाउसच्या नावाने हा दृष्टिभ्रम प्रसिद्ध आहे आणि कुठलाही घातांक तो दुरुस्त करू शकत नाही. तिसरी अडचण सचोटीची आहे. फुगवलेले वर्तुळ कुणी पट्टीने मोजले तर ते खोटे ठरते. त्यापेक्षा क्षेत्रफळ प्रामाणिक ठेवावे, कोपऱ्यात दोनतीन नमुना वर्तुळे आकड्यांसह द्यावीत आणि महत्त्वाच्या वर्तुळांवर आकडा सरळ छापावा.

फुगवण्याच्या या मोजूनमापून केलेल्या प्रकाराहून कितीतरी ढोबळ चूक रोज होते, ती म्हणजे आकडा क्षेत्रफळाला न देता व्यासाला देणे. दुप्पट व्यासाची भाकरी तेवढ्याच जाडीची थापायची तर पीठ चौपट लागते, हे स्वयंपाकघरात कुणाला समजावून द्यावे लागत नाही. आलेख काढताना मात्र भल्याभल्यांना त्याचा विसर पडतो. जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या ‘स्टेट ऑफ द युनियन’ भाषणासोबत प्रक्षेपणात आकृत्या दाखवल्या गेल्या. त्यांतल्या एकीत देशांच्या अर्थव्यवस्था वर्तुळांनी दाखवल्या होत्या: अमेरिकेची सुमारे १४.६ लाख कोटी डॉलरची, चीनची सुमारे ५.७. म्हणजे चीन अमेरिकेच्या दोन-पंचमांश. पण आकडे व्यासाला दिल्यामुळे चीनचे वर्तुळ अमेरिकेच्या वर्तुळाच्या सातव्या हिश्शाएवढे झाले. एडवर्ड टफ्टे यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात अशा प्रकाराला माप दिले आहे. चित्रात दिसणारा फरक भागिले आकड्यांतला फरक, म्हणजे खोटेपणाचा गुणक. तो एकच्या आसपास असावा. ठाणे-सिंधुदुर्गाची वर्तुळे व्यासाने काढली तर तेरापटीच्या जागी १६९ पटीचे चित्र उभे राहते.

साधने या बाबतीत पूर्वीपेक्षा शहाणी झाली आहेत, पण पूर्ण नाहीत. एक्सेलमध्ये आकार क्षेत्रफळाने मोजायचा की रुंदीने, असा पर्याय असतो. रुंदीचा पर्याय मुळात ठेवलाच का, हे कोडेच आहे. मॅटप्लॉटलिबमध्ये ठिपक्याच्या आकाराचा आकडा क्षेत्रफळाचा असतो, त्यामुळे तिथे आधीच वर्गमूळ काढून भरणारा उलट दिशेने चुकतो. डी३ मध्ये वर्गमूळाची मोजपट्टी तयार मिळते. सर्वांत फसवी खाच जीजीप्लॉट२ मध्ये आहे. तिथली नेहमीची आकार-मोजपट्टी क्षेत्रफळावरच चालते, म्हणून वापरणारा निर्धास्त असतो. पण ती आकडेवारीतल्या सर्वांत लहान मूल्याला ठरावीक किमान आकार देते आणि सर्वांत मोठ्याला ठरावीक कमाल. मधली वर्तुळे त्यांच्यामध्ये बसतात खरी, मात्र तेरास एक हे प्रमाण टिकत नाही. शून्याला शून्य आकार देणारी मोजपट्टी मुद्दाम मागून घ्यावी लागते. ऋण आकड्यांचा प्रश्न तर साधनांच्याही हातचा नाही. ऋण क्षेत्रफळ नावाची गोष्ट नसल्याने तोटा, घट, स्थलांतरातली वजाबाकी असले काही आकाराला देऊच नये. पोकळ वर्तुळ म्हणजे ऋण असा संकेत करता येतो, पण मोठा तोटा आणि मोठा नफा सारखेच भरभक्कम दिसतात.

मग आकाराला द्यायचे काय? दर, टक्केवारी, सरासरी हे तर नक्कीच नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची साक्षरता ८९.९१ टक्के आणि नंदुरबारची ६४.३८ टक्के होती. महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांत याहून मोठी दरी नव्हती. तिची वर्तुळे काढली तर मोठ्याचा व्यास लहानापेक्षा फक्त १८ टक्क्यांनी जास्त येतो आणि राज्यातली सर्वांत बोलकी विषमता नजरेतून निसटते. हाच आकडा अक्षावर ठेवा, नंदुरबार लगेच वेगळा पडतो. दुसऱ्या टोकाला अति पसाराही नडतो. उत्तर प्रदेशची लोकसंख्या २०११ मध्ये १९,९८,१२,३४१ आणि सिक्कीमची ६,१०,५७७; प्रमाण ३२७ पट, व्यासांचे १८ पट. उत्तर प्रदेशला चार सेंटिमीटरचे वर्तुळ दिले तर सिक्कीमच्या वाट्याला दोन मिलिमीटरचा ठिपका येतो. आकाराला मानवतात त्या राशी, म्हणजे माणसे, रुपये, टन, मते. त्या एकमेकींत मिळवता येतात. दोन जिल्ह्यांची लोकसंख्या एकत्र केली तर क्षेत्रफळांचीही बेरीज होते. दोन साक्षरता-दरांच्या बेरजेला काही अर्थच नसतो.

पण राशी आहे एवढ्यावर काम भागत नाही. ती राशी अक्षांवरच्या आकड्यांचे वजन असावी लागते. अर्भकमृत्यू दराचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकड्यांनुसार हजार जिवंत जन्मांमागे केरळात ६, महाराष्ट्रात १६, उत्तर प्रदेशात ३८, मध्य प्रदेशात ४३ अर्भके दगावली. देशाची सरासरी २८. सारख्या ठिपक्यांचा आलेख काढला तर बहुतेक राज्ये सरासरीच्या खाली दिसतात आणि पाहणाऱ्याला प्रश्न पडतो की मग सरासरी एवढी वर कशी. ठिपक्यांना लोकसंख्येइतका आकार देताच उत्तर समोर येते. वर मोजकीच राज्ये आहेत, पण त्यांत उत्तर प्रदेशचे भले मोठे वर्तुळ आहे. उत्तर प्रदेश महाराष्ट्राच्या नेमका किती पट, हे इथे कुणालाही जाणून घ्यायचे नसते. सरासरीला कोण ओढते आहे एवढे कळले की पुरे, आणि तेवढे सांगायला क्षेत्रफळाची कच्ची अचूकता पुरते. गोव्याच्या पाचपन्नास पट माणसे दुसऱ्या ठिपक्यामागे आहेत, हे न मोजता जाणवते.

हीच गोष्ट जगाच्या पातळीवर अर्थशास्त्रातला एक गाजलेला वाद सोडवते. ब्रँको मिलानोविच यांनी देशादेशांतली विषमता वेगवेगळ्या पद्धतींनी मोजली. प्रत्येक देशाला एकच मत दिले तर साधारण १९८० ते २००० या काळात विषमता वाढली. देशांना लोकसंख्येइतके वजन दिले तर ती घटली, मुख्यतः चीनमुळे. दोन्ही विधाने खरी आहेत. बबल चार्टवर ती एकाच वेळी दिसतात: वर्तुळे मोजली तर पहिले, रंगलेले क्षेत्रफळ पाहिले तर दुसरे. ज्याला राष्ट्रांच्या धोरणांविषयी बोलायचे आहे त्याला पहिले हवे, ज्याला माणसांविषयी बोलायचे आहे त्याला दुसरे. आर्थिक चर्चेत या दोन प्रश्नांची सरमिसळ सर्रास होते. आकार वगळलेला आलेख तिला खतपाणी घालतो.

वजनाचा आणखी एक अर्थ संख्याशास्त्रात रूढ आहे: विश्वासार्हता. वैद्यकीय संशोधनात अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करताना प्रत्येक अभ्यासाचे वर्तुळ त्याच्या सांख्यिकी वजनाइतके काढतात, म्हणजे शेदीडशे रुग्णांचा अभ्यास आणि दहा हजारांचा अभ्यास एकाच तागडीत बसत नाहीत. दरांच्या आलेखात हे फार उपयोगी पडते, कारण लहान लोकसंख्येचे दर योगायोगानेच वरखाली उड्या मारतात. एखाद्या छोट्या गावात वर्षाला वीस जन्म होत असतील तर मुलामुलींचे प्रमाण एका वर्षी भयानक आणि पुढच्या वर्षी आदर्श येऊ शकते, काहीही बदललेले नसताना. टोकाला लहान वर्तुळे दिसली तर आधी संशय घ्यावा. टोकाला मोठे वर्तुळ दिसले तर मात्र ती बातमी असते. २०११ मध्ये बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाखांहून अधिक, या वयाची मुलेच लाखांत. योगायोगाची सबब तिथे चालत नाही, आणि हे आकारानेच बजावले जाते.

नकाशावरची वर्तुळे याच कुळातली. तिथे दोन अक्षांची जागा भूगोल घेतो. हेन्री हार्नेस यांनी १८३७ च्या सुमारास आयर्लंडच्या रेल्वे आयोगासाठी काढलेल्या नकाशात शहरांना लोकसंख्येच्या प्रमाणात वर्तुळे दिली होती. फ्रेंच अभियंते शार्ल मिनार यांनी १८५८ मध्ये पॅरिसला मांसासाठी कुठून किती जनावरे येतात हे फ्रान्सच्या नकाशावर लहानमोठ्या वृत्तालेखांनी दाखवले. जिल्हे रंगवून काढलेल्या नकाशापेक्षा ही पद्धत अनेकदा न्याय्य ठरते. गडचिरोलीचे क्षेत्र १४,४१२ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या पावणेअकरा लाख. मुंबई उपनगराचे क्षेत्र साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आत आणि लोकसंख्या ९३ लाखांवर. रंगवलेल्या नकाशात गडचिरोली बोलते, उपनगर दिसतही नाही. निवडणुकीच्या रात्री दूरचित्रवाणीवर जमिनीलाच मते असल्यासारखे जे नकाशे झळकतात, त्यांचे मूळ इथेच आहे.

वर्तुळे एकमेकांवर चढणे ही या आलेखाची रोजची कटकट. मोठी आधी आणि लहान नंतर काढावीत, रंग थोडा पारदर्शक ठेवावा, प्रत्येकाला पातळ कडा द्यावी. एवढ्याने बहुतेक प्रसंग निभावतात. उत्पन्नासारखा आकडा अक्षावर असेल तर तिथे लॉगरिदमिक मोजपट्टी घ्यावी, म्हणजे गरीब देशांची वर्तुळे डाव्या कोपऱ्यात चिरडली जात नाहीत. रंग चारपाचांच्या पुढे नेऊ नयेत. शंभरावर वर्तुळांना नावे देण्याचा अट्टहास वाया जातो. आठदहा नावे पुरतात, आणि ती निवडणे हे संपादकाचे काम आहे, सॉफ्टवेअरचे नाही. त्रिमितीय चकाकणारे गोळे तर टाळावेतच. गोळा दिसला की वाचणारा क्षेत्रफळ सोडून घनफळाचा अंदाज करू लागतो, आणि घनफळ उतरंडीत आणखी खाली आहे.

बबल चार्टच्या नावावर खपणारा एक प्रकार मात्र त्या नावाला पात्र नाही. अक्ष काढून टाकायचे आणि वर्तुळे नुसती एकमेकांना चिकटवून घोस करायचा. अर्थसंकल्पातली खाती, कंपन्यांचे बाजारमूल्य असे विषय या घोसांत हमखास असतात. इथे जागेला अर्थ नाही, म्हणजे डोळ्याचे सर्वांत अचूक इंद्रियकौशल्य रजेवर पाठवले आणि एकुलता एक आकडा सर्वांत कच्च्या वाहनावर बसवला. पंधरा खात्यांची रक्कम दाखवायला स्तंभालेख कमी जागेत, क्रमवार आणि नेमके सांगतो. घोस सुंदर दिसतो, हा त्याच्या बाजूचा एकमेव खरा युक्तिवाद. मुखपृष्ठासाठी तो पुरेसा असेलही.

बबल चार्टला खरी लोकप्रियता दिली ती स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग यांनी. वैद्यकशिक्षणाच्या काळात १९७२ मध्ये ते काही काळ बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिकले होते. मुलगा ओला आणि सून अॅना यांच्यासह त्यांनी २००५ मध्ये गॅपमाइंडर ही संस्था स्थापली. तिच्या आलेखांत देशांची वर्तुळे वर्षांगणिक सरकत जातात: एका अक्षावर दरडोई उत्पन्न, दुसऱ्यावर आयुर्मान, आकार लोकसंख्येचा, रंग खंडाचा. २००६ च्या टेड परिषदेतल्या भाषणाने ते जगभर पोचले, पुढल्या वर्षी गुगलने हे आलेख काढणारे सॉफ्टवेअर विकत घेतले. कामांची वाटणी इथे चोख आहे. सांगायची गोष्ट दोन अक्षांवर घडते, आकार फक्त कुणाकडे लक्ष द्यायचे ते सुचवतो. चीन आणि भारत सरकू लागले की मानवजातीचा तिसरा हिस्सा सरकतो आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

हलणाऱ्या वर्तुळांची जादू मात्र वक्त्यावर बरीच अवलंबून आहे. जॉर्ज रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये गॅपमाइंडरच्या धर्तीची हलती चित्रे आणि त्याच आकडेवारीची स्थिर चित्रे लोकांना देऊन प्रश्न विचारले. हलती चित्रे लोकांना आवडली, कुणी समोर मांडून दाखवत असता ती झटपटही वाटली, पण चुका बऱ्याच झाल्या. स्वतः बसून शोध घ्यायचा असता स्थिर चित्रेच लवकर उत्तर देत होती, आणि प्रत्येक देशासाठी छोटा स्वतंत्र आलेख काढणे सर्वांत अचूक ठरले. कारण उघड आहे. शंभर वर्तुळे एकदम सरकताना डोळा तीनचारांचाच पाठलाग करू शकतो. कुठल्या तीनचारांचा, हे रोसलिंग हातातल्या काठीने आणि क्रिकेट समालोचकासारख्या उत्साहाने सांगत; छापील पानावर किंवा कार्यालयीन डॅशबोर्डवर ते सांगणारे कुणी नसते. तिथे निवडक देशांच्या वाटचालीच्या रेघा काढून ठेवणे अधिक फलदायी, आणि गॅपमाइंडरच्या साधनातही तशी सोय आहे.

आज बहुतेक आलेख मोबाइलवर पाहिले जातात, आणि बबल चार्टची तिथे सर्वांत जास्त पंचाईत होते. संगणकाच्या पडद्यावरचे चित्र रुंदीने एक-तृतीयांश केले तर वर्तुळांचे क्षेत्रफळ एक-नवमांश होते. सिक्कीम, गोवा, सिंधुदुर्ग पुसून जातात. वर्तुळे न आक्रसता नुसते अक्ष आक्रसले तर सगळी एकमेकांवर चढतात. म्हणून लहान पडद्यासाठी वेगळा आलेख आखावा लागतो: वर्तुळे निवडक आणि बाकीचे फिके ठिपके, किंवा दोन अक्षांपैकी एक सोडून देऊन उतरत्या क्रमाची ठिपक्यांची यादी, जिच्यात वजन आकाराऐवजी शेजारच्या रकान्यात आकड्यानेच लिहिलेले असते.